दारावरची पाटी

आई,

तू बाजारातून येईपर्यंत ट्राम निघून जाईल, म्हणून लिहून ठेवते. मसुराचं सूप झाकून ठेवलंय, लिंबू पिळून घे.

तू दारावर लावलेली ‘डॉ. नेहाद’ ही पाटी मी काढलीय. ती वाचूनच इन्शिराह काकूंनी मघाशी मला जिन्यात अडवलं. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, झोपेच्या गोळ्या तेवढ्या लिहून दे." किती वेळा सांगू, मी मानसशास्त्र शिकले, डॉक्टरकी नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉ. रऊफांइतकीच वर्षं मीही अभ्यासात घातली, पण गोळ्या लिहायचा हक्क त्यांना. शेजारच्या खोलीत ते दहा मिनिटांत पेशंट मोकळा करतात, मी तासभर ऐकत बसते, आणि माझी दिवसभराची कमाई त्यांना दोन पेशंटांत मिळते. मला ते लागत नाही असं नाही. पण पाटीने ते भरून येत नाही.

मी नाही म्हटल्यावर काकू चाचरल्या. "अगं, मला नकोत. तुझ्या आईला हव्यात. तुझे बाबा गेल्यापासून तिचा डोळा लागत नाही. तुला सांगू नको म्हणाली, पोरगी आधीच दमून येते."

परत वर येऊन रऊफांना फोन केला. गुरुवारी तुला बोलावलंय. फीवरून वाद घालू नकोस. त्यांना सगळं सांग.

दिवसभर मी लोकांच्या आयांचं ऐकते, आणि माझ्या आईचं मला जिन्यात कळतं.

नेहाद