नुईच्या खोलीतले मासे

२ फेब्रुवारी
निवृत्त होऊन महिना झाला, लोळणं पुरे. आजपासून लढाऊ माशांची पैदास. डिसेंबरच्या जत्रेत पहिलं बक्षीस आपलं. लाल, पांढरा, निळा, आपल्या थाई झेंड्यासारखे पट्टे असलेला नर काढायचा. इथे नाखोन पाथोममध्ये गल्लोगल्ली लोक मासे वाढवतात, पण सगळं अंदाजपंचे. मी कालव्याच्या दारावर तीस वर्षं पाणी मोजलंय. पाणी मला कळतं.

जागा ठरली: नुईची खोली. पूर्वेची खिडकी, वारा कमी. मुलगी लग्न होऊन रायोंगला असते, कारखान्यात नोकरी. यंदा दिवस गेलेत, पहिलटकरीण. तिथे नवऱ्याजवळ तिचं सगळं छान होईल. मग इथे खोली अडवून ठेवण्यात काय अर्थ? तिचं कपाट पॅसेजमध्ये काढलं. लामदुअन म्हणाली, लेकीची खोली आहे ती, गोडाऊन नव्हे. बायको म्हटल्यावर तिने एवढं तरी बोलायला हवंच.

६ फेब्रुवारी
जोडी आणली. नराचं नाव सेनापती. मादीला नाव ठेवलं नाही, ती तात्पुरती. टबाच्या पाण्यात बदामाची वाळकी पानं टाकली, मादीला काचेच्या ग्लासात घालून मधोमध ठेवलं, म्हणजे नजरानजर होईल. सेनापती फुलला. बुडबुड्यांचं घरटं करायला घेतलं. मी शेजारीच स्टूल टाकून बसलो. साहेब समोर असला की कामं होतात.

९ फेब्रुवारी
अंडी! सेनापती एकेक तोंडात धरून घरट्यात चिकटवतो. दर थोड्या वेळाने टॉर्च मारून तपासणी केली. शास्त्रीय पद्धत.

१० फेब्रुवारी
अंडी नाहीत. सेनापतीनेच खाल्ली. कारण उघड आहे, लामदुअनचा खलबत्ता. सकाळ-संध्याकाळ मिरची-लसूण कुटत असते. घर हादरतं, नर बिथरतो. खलबत्ता बंद केला. ती म्हणाली, टॉर्च काय मी मारत होते? विषय वाढवला नाही.

२१ फेब्रुवारी
पुन्हा अंडी. शेजारच्या सायजाय बाई आल्या होत्या. त्या आरोग्याची पाहणी करत घरोघर हिंडतात, तेव्हा माहिती असलेली बरी म्हणून सगळं समजावलं. म्हटलं, अंडी घातली की मादीला ताबडतोब बाहेर काढायचं. पुढचं सगळं एकटा बाप करतो. अंडं निसटलं की तो उचलतो, पिल्लू घसरलं की तो वर नेतो. धड खात नाही, झोपत नाही. सांगता सांगता डोळे भरून आले. बापाची किंमत कुणाला नाही.

या नादात मादी काढायची राहिली. त्याने तिला फाडली. अंडी मात्र शाबूत. जेवताना म्हटलं, जाऊ दे, तिचं काम झालंच होतं. लामदुअनने ताट बाजूला सारलं. कालवण खारटच झालं होतं.

२४ फेब्रुवारी
पिल्लं! स्वल्पविरामाएवढी, शेपट्या खाली सोडून घरट्याला लटकलेली. आधी नुईला फोन केला. ऐकून घेतलं बिचारीने. मग तीही काहीतरी सांगायला लागली, आवाज बसलेला होता, पण नेमकं तेव्हाच एक पिल्लू खाली यायला लागलं. फोन ठेवावा लागला.

१२ मार्च
नुईचं काय होतं ते लामदुअनकडून कळलं. जावई पळाला. कुठल्याशा मासेमारीच्या बोटीवर गेला म्हणे, फोन बंद. मला आश्चर्य नाही. त्या माणसाचं पाणी मी पहिल्याच दिवशी जोखलं होतं. लग्नात सगळ्यांत जास्त मीच नाचलो, तो मुद्दा वेगळा.

पिल्लांना डासांच्या अळ्या लागतात. अंगणात रांजण भरून उघडे ठेवले. फुकटचं खाद्य. याला म्हणतात नियोजन.

१४ एप्रिल
सोंग्क्रान, आपलं नवं वर्ष. थोरांच्या हातांवर पाणी घालायला नुई आली. सातवा महिना. माझ्या हातांवर मोगऱ्याचं पाणी ओतलं, पाया पडली. मी भरभरून आशीर्वाद दिला आणि लगेच हात साबणाने धुतले. सुगंधाचा अंश टबात गेला तर? ती पाहत होती. गैरसमज झाला असेल तर तिचा तिने दूर करावा.

मग म्हणाली, बाबा, बाळंतपणाला इथे येऊ का? माझ्या खोलीत? आई शेगडी पेटवून शेक देईन म्हणते.

बाळंतिणीने निखाऱ्याशेजारी निजावं, धुरी घ्यावी, ही आपली रीतच आहे. माझ्या आईने माझ्या वेळी तेच केलं. मी रीतीच्या विरोधात नाही. पण पिल्लं आत्ता कुठे वर येऊन हवा घ्यायला शिकलीत. खोलीत धूर झाला तर एक वाचणार नाही. मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, बघू. समजूतदार पोर. पुन्हा विचारलं नाही.

पॅसेजमध्ये कपाटाला टेकून चटईवर झोपली. सकाळी हातापायांवर डासांच्या गांधी. पहिल्या बसने गेली.

२ मे
सायजाय बाई न विचारता अंगणात घुसल्या आणि रांजणांत सरकारी औषध टाकलं. म्हणाल्या, अहो सनान काका, घरात पोटुशी लेक यायची आणि तुम्ही डास पाळताय? डेंग्यू झाला तर पोरीचं काय होईल? मी म्हटलं, ती येणार असं कुणी ठरवलं? बाईंनी लामदुअनकडे पाहिलं. लामदुअनने माझ्याकडे पाहिलं नाही. बायका एकमेकींना सामील असतात.

दोन रांजण वाचवले. नुईच्या पलंगाखाली सरकवले.

१० मे
नर ओळखू येतात. म्हणजे भांडायला लागले. आता प्रत्येकाला वेगळी बरणी, आणि दर दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा. एकमेकांचं तोंड दिसलं तरी अंगावर धावून जातात. लामदुअन बाजारात नारळाच्या दुधाचे आप्पे विकते, तिच्या बरण्या घेतल्या. पुठ्ठे कमी पडले, म्हणून तिने बाळासाठी आणलेल्या टबाचं खोकं मी कापलं. टब गुलाबी, कोरा करकरीत, उथळ. माद्यांना अगदी योग्य. थोडेच दिवसांचा प्रश्न आहे. म्हटलं, बाळ काही आल्या आल्या पोहणार नाही. हा विनोद लामदुअनला कळला नाही. हल्ली ती मला पाण्यात पाहते. मी मासे पाहतो.

१९ मे
लामदुअन रायोंगला गेली. शेगडी, कोळसे, हळद, चिंचेचा पाला, आप्प्यांचं बिडं, सगळं घेऊन. आप्प्यांचं बिडं कशाला, ते विचारलं नाही. थांब्यावर सगळं सामान मोजून ठेवलं. मग म्हणाली, खिडक्या लावल्यात, दिवा लावलात, झाकणं घातलीत, माशांना ऊब दिलीत. तिला तरी दुसरं काय हवं होतं, अहो?

उत्तर सुचलं होतं, पण बस आली.

येईल पंधरा दिवसांत. तिला माझ्यावाचून करमत नाही. घर शांत झालं. माशांच्या दृष्टीने उत्तम.

२७ मे
जेवण: भात आणि अंडं. कालचंच. एका पिल्लाच्या शेपटीवर तिन्ही रंग उतरले! स्पष्ट पट्टे, मधला पांढरा शुभ्र. खोलीत एकटाच ओरडलो. दाखवायला कुणी नव्हतं. सायजाय बाईंना कुंपणावरून हाक मारली, त्या म्हणाल्या, घाईत आहे. नुईला फोटो पाठवला. पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. पोरगी दमत असेल.

४ जून
स्वैपाकघराबाहेरचा मोठा माठ संपला. माशांचं पाणी मी कायम त्यातूनच घेतो. तो भरलेलाच असतो अशी माझी कल्पना होती. बहुधा लामदुअन भरून ठेवत असावी. नळ सोडून भरला आणि लगोलग सगळ्यांचं पाणी बदललं. एकदम ताजं.

५ जून
सगळे गेले. बरण्यांच्या तळाशी पडलेत, माद्या टबात उताण्या. तीन रंगांचा तोही. सेनापतीसुद्धा.

नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतोय. काल मला सर्दी होती. सायजाय बाई म्हणाल्या, नळाचं पाणी दोन दिवस मुरू द्यावं लागतं, एवढं तर पोरंसोरं जाणतात. असेल. मग हे लामदुअनने मला सांगायला नको होतं का? इतकी वर्षं संसार करून माणूस एवढंही सांगत नाही.

खिडकीपाशी बसून रडलो. खूप रडलो. माशांसाठी.

१६ जून
खोली रिकामी केली. बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या. रांजण उपडे केले. कपाट एकट्याने ढकलत आत आणलं, कंबर धरली. खिडकी सताड उघडली. पलंगावर धुतलेली चादर घातली, नुईची आवडती, पिवळ्या फुलांची. शेगडीसाठी कोपऱ्यात विटा मांडल्या. आता कुणी म्हणून दाखवावं की या माणसाला लेकीची काळजी नाही. उशिरा का होईना, असंही कुणी म्हणायचं कारण नाही, कारण उशीर झालेलाच नाही.

नुईला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे लामदुअनचा आवाज येत होता, कुणाला तरी आप्पे गरम आहेत म्हणून सांगत होती. मी सगळं सांगितलं, खिडकीचं, विटांचं, चादर कुठली ते. म्हटलं, अजून आठवडाभर तरी अवकाश आहे, उद्याच्या बसने निघा दोघी. बापाच्या घरी यायला संकोच कसला?

ती म्हणाली, बाबा, ती आज नऊ दिवसांची झाली.

मी विचारलं, कोण?

पुढे काही ऐकू आलं नाही. रायोंगला समुद्राचा वारा फार, रेंज जाते.