उंबऱ्यावरचा नान

प्रिय बेकतुरदादा,

बिश्केकची तुझी खोली भाड्यानं द्यायची ठरली, तेव्हा तू बजावलंस, "लेकुरवाळी नको, दक्षिणेकडची तर नकोच."

आज दक्षिणेतल्या बातकेनची सायकाल कडेवर तान्ही लेक घेऊन खोली विचारायला आली. मी दारातच नाही म्हटलं. पण आईची शिकवण अशी की उंबऱ्यावरून कुणी नान चाखल्याशिवाय जायचं नाही. तुकडा पुढं केला.

ती हसली, "नाही म्हणून वर खाऊ घालणारी तूच पहिली गं!"

मॉस्कोत तू खोली शोधतोस तेव्हा तुझं किरगीझ नाव ऐकूनच घरमालक फोन ठेवतात, ते आठवलं. किल्ली देऊन बसले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

हे पत्र धाडायचा धीर नाही. फोनवर एवढंच सांगेन, खोली भाड्यानं गेली. तिथं तुला दारात कुणी घासभर नान तरी दिला का, हे मात्र विचारवणार नाही.

तुझी धाकटी,
एलनुरा