बाकारीला वाचवायचं ठरलं

१ मार्च
आज चर्चमध्ये पास्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत प्रत्येकाने बाहेरचा एक माणूस प्रभूकडे आणावा. मी उभा राहून दहा म्हणालो. टाळ्या पडल्या. बायको, रिबेका, खाली बघत होती. अभिमानाने असणार.

२ मार्च
दहाची यादी केली. त्यातल्या नऊ जणांशी माझं पटत नाही, हे यादी केल्यावर लक्षात आलं. राहिला बाकारी जारा. शेजारी, पंक्चरवाला, तीस वर्षांचा दोस्त, पाच वेळा नमाज पढणारा. एक पक्का असला की नऊ कच्चे हवेत कशाला.

५ मार्च, संध्याकाळी
पहिला प्रयत्न. अडचण एकच. मी त्राओरे, तो जारा, आणि या दोन कुळांत पूर्वापार थट्टेचं नातं. भेटलं की चवळीखाऊसारख्या ठरलेल्या शिव्या द्यायच्या, रागवायचं नाही आणि समोरच्याचं काही म्हणजे काही खरं मानायचं नाही. मी विचारलं, मेल्यावर तुझं काय होणार याचा विचार केलायस का? म्हणाला, केलाय की रे चवळीखाऊ, तुझ्याशेजारी पुरू नका एवढं घरी बजावून ठेवलंय. चहाला बसलेले सगळे हसले. त्याची आई, म्हातारी सितान, ठसका लागेपर्यंत हसली. मीही हसलो, पण नाइलाजाने.

९ मार्च
पापाचा विषय काढला. म्हणाला, त्राओरे म्हणून जन्माला येण्याहून मोठं पाप असतं का? उत्तर घरी आल्यावर सुचलं. उत्तम होतं.

१४ मार्च
दोष माझ्या बोलण्यात नाही, थट्टेत आहे. आजपासून थट्टा बंद. प्रभूच्या सेवकाला गांभीर्यच शोभतं. आरशासमोर चेहरा करून पाहिला. रिबेकाने विचारलं, दाढ दुखतेय का?

२० मार्च
चेहरा टिकून आहे. बाकारी रोज शिव्या घालतो, मी एकीलाही उत्तर देत नाही. आज हळूच म्हणाला, माझं काही चुकलं का रे? लोखंड तापायला लागलंय.

२६ मार्च
म्हातारी सितान पहाटे गेली.
जारांच्या घरात कोणी वारलं की त्राओरेने जाऊन धिंगाणा घालायचा असतो. जनाजा अडवायचा, म्हातारीने चोरलेली माझी चवळी आधी परत करा म्हणायचं, खोटं खोटं गळा काढून घरच्यांना हसवायचं. हे मला माहीत होतं. अंगणात शिरलो तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते. तिच्या लेकी तर पदर तोंडाशी धरून हसायला तयार. मी काळा कोट घातला होता. सार्वकालिक जीवनावर आठ मिनिटं बोललो. कोणी मध्ये तोंड घातलं नाही. इतक्या शांतपणे माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही.
मग त्यांनी नदीकडच्या वस्तीतून कुठल्याशा अनोळखी त्राओरेला बोलावून आणलं. तो जनाज्याच्या वाटेत आडवा पडला. बाकारी रडता रडता हसला.

२७ मार्च
रिबेका बोलत नाही. एकदाच बोलली. म्हातारी तिला म्हणाली होती, मी गेल्यावर तुझा नवरा काय काय बरळेल, तेवढं ऐकायचं राहणार बघ.
हे मला आधी सांगायला हवं होतं कोणीतरी.

१ एप्रिल
बाकारीकडे गेलो. त्याने उठून खुर्ची दिली. तीस वर्षांत तो माझ्यासाठी कधी उठला नव्हता. बसा नातानाएलसाहेब, म्हणाला. तासभर प्रभूविषयी बोललो, त्याने सगळं ऐकून घेतलं. एक शिवी नाही. मला हेच तर हवं होतं. घरी आलो, जेवण गेलं नाही.

५ एप्रिल, ईस्टर
चर्चला एकटाच गेलो. पास्टरांनी काही विचारलं नाही, त्यांचे उपकार.
येताना बाकारीच्या दुकानात थांबलो. सकाळपासून मनात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. म्हातारी वर पोचली असेल तर तिथले लोक एव्हाना दुसरीकडे घर शोधत असतील, तिची बडबड ऐकून देवदूतांनी कानात कापूस घातला असेल, आणि जारांना तिथेही पंक्चरंच काढावी लागणार. रेटून शेवटपर्यंत नेलं.
बाकारीने हातातलं टायर खाली ठेवलं होतं. मान खाली घालून त्याने सगळं ऐकलं, आणि अदबीने म्हणाला, आमेन.