यांची किल्लीची गाडी, माझी परभणी

९ सप्टेंबर १९५६, रविवार

लग्नाला आज अकरा वर्षं झाली. यांनी भेट दिली – गार्डाची शिट्टी! लाल कागदात गुंडाळून. "स्वयंपाकघरातून हाका कशाला मारतेस, मास्तरीणबाई? शिट्टी वाजव, गाडी हजर!" स्वतःच हसले. हिम्मतराव आले होते, तेही पोट धरून हसले. पार्सल ऑफिसात दोघांची टेबलं शेजारी, हसायलाही सोबत. गेल्या वर्षी हिरवी झेंडी मिळाली होती. त्याआधी माझ्या नावाची, विनातिकीट प्रवासाची पावती. कधी लुगडं नाही, गजरा नाही. चाळिशीचा बाप्या!

२० सप्टेंबर

आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. विलायतेला परत गेलेल्या कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली ती किल्लीची गाडी, पत्र्याचे रूळ, खोक्यांची स्टेशनं. बोगदा हवा म्हणून माझ्या पिठाच्या डब्याचं बूड कापलं! विचारलं तर म्हणे, "अंबरपेठेत डोंगर कुठून आणू?"

२८ सप्टेंबर

शाळेत फॉर्म आले. हैदराबाद राज्याची वाटणी होणार – मराठी जिल्हे मुंबईकडे, आपलं शहर आंध्राकडे. सरकारी नोकरांनी कुठं जायचं ते लिहून द्यायचं. रेल्वे केंद्राची, तेव्हा यांना कोणी विचारणार नाही. मला विचारताहेत. मला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं!

घरी सांगितलं. "हौ? बघ मग," म्हणाले, आणि इंजिनाला तेल घालत बसले.

५ ऑक्टोबर

गाडी रुळावरून घसरली म्हणून हे जेवले नाहीत. जेवू नका!

१४ ऑक्टोबर, दसरा

हिम्मतराव आणि त्यांच्या मालनबाई सोनं द्यायला आले. हे लागलेच गाडी दाखवायला. मी म्हटलं, थांबा, यंदा भेट माझ्याकडून. नामपल्लीहून आणलेला लाकडी खुळखुळा यांच्या हातात ठेवला. "घ्या, खेळा. एवढंच कमी होतं घरात."

वाटलं होतं, सगळे हसतील. कोणी हसलं नाही. मालनबाई तर माझ्याकडंच बघत होत्या – कीव आल्यासारख्या. तेव्हा लख्ख कळलं, बिनमुलाच्या घरात मी काय आणलं ते. सासूबाई मला जे म्हणायच्या, तेच मी कागदात गुंडाळून सगळ्यांपुढं ठेवलं होतं.

हे पांढरेफटक पडले. रागवायचं तरी! तेवढीही धमक नाही.

१५ ऑक्टोबर

फॉर्म भरून दिला. मुंबई राज्य.

१ नोव्हेंबर

आजपासून हैदराबाद आंध्र प्रदेशात. शेजारच्या तेलुगू बाईंनी लाडू दिले. मी खाल्ला. गोड होता.

हे आतल्या खोलीत. दसऱ्यापासून नजर वर करून बघत नाहीत. मनाला लागलंय म्हणे! खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखं तोंड.

१९ नोव्हेंबर

हुकूम आला. परभणी, मुलींची शाळा. यांच्यापुढं ठेवला. वाटलं, आता भांडतील. निदान "नको जाऊ" म्हणतील. यांनी वाचला, नीट घडी घातली, परत दिला.

"जा. तुला तिथं बरं वाटेल."

"आणि तुम्ही?"

"माझं काय? गाड्या आहेत की."

अकरा वर्षं संसार केला! पत्र्याएवढीही किंमत नाही.

ट्रंक भरायला घेतली.

२ डिसेंबर, परभणी

खोली मिळाली. विहीर जवळ आहे.

हे सिकंदराबादला स्टेशनवर सोडायला आले होते. खिडकीशी उभं राहून तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "पाणी घेतलंस ना?" एवढंच जमतं या माणसाला.

९ डिसेंबर

बरं चाललंय. कोणाची वाट बघायची नाही, कोणाचे विनोद ऐकायचे नाहीत.

१६ डिसेंबर

पत्र आलं. चार ओळी.

"मोठ्या दवाखान्यात गेलो होतो, त्याला सात वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, दोष माझ्यात आहे. आई तुला बोलायची तेव्हा मी गप्प राहिलो. दसऱ्याला वाटलं, तुला कळलंय."

सात वर्षं सोमवार धरले मी. तो समोर बसून जेवायचा.