उखर्डूभाऊंना दहापैकी दहा

३ जून, मंगळवार
आजपासून दवाखान्यात सेवा. छुट्टी मिळालेल्या पेशंटना घरी काय पाळायचं ते समजावून सांगायचं. कागद इंग्रजीत, लोक घडी घालून खिशात कोंबतात. छत्तीस वर्षं शाळा सांभाळली, हे तर पाच मिनिटांचं काम. नर्स तृप्ती म्हणाली, "बाई, जरा प्रेमाने." मी प्रेमानेच बोलते. लोकांना ऐकू येत नाही.

४ जून
पहिले पेशंट उखर्डूभाऊ, बहादरपूरचे केळीच्या बागेवाले. शुगर, पायाला जखम. अंगठा जाता जाता राहिलाय. सूचना पाच: जखम ओली नको, पायावर भार नको, गोड बंद, गोळ्या वेळेवर, पाच दिवसांनी दाखवायला येणे. पाठ करून घेतल्या. दुसरी विसरले म्हणून उभं केलं. मग दुसरी मलाच आठवली. बसवलं. शेवटी घडाघडा म्हणाले. दहापैकी दहा. त्यांची भागाबाई मध्येच काही विचारत होती. हात वर न करता बोलू नये, असं सांगितलं.

५ जून
पूर्ण वॉर्डाकडून एका सुरात म्हणवून घेतलं. शेजारच्या बाळंतिणींची तक्रार आली. चांगल्या कामाला विरोध होतोच.

९ जून, सकाळी ११
उखर्डूभाऊ ठरल्या दिवशी हजर (माझी शिस्त). पाय मात्र भोपळ्यासारखा. अंगठ्याचं सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. मी लगेच सूचना विचारल्या. पाचही अचूक! मग रोज चिखलातून विहिरीवर का गेलात? म्हणाले, "पाठ करा म्हणे, तर केलं ना बाई. मोटर का आपोआप चालू होईन?" भागाबाई कडाडली, "मी तेच तर पुसत होती, मोटर कोन लावीन! तुम्ही म्हणे, चूप बसा." पेशंटचा पाया कच्चा असेल तर मी काय करणार?

१० जून
तृप्तीने भागाबाईला एवढंच विचारलं, घरी आणखी कोण? पुतण्या सुरेश निघाला. मोटर तो लावणार. दोन मिनिटं. पाठांतर शून्य. याला शिकवणं म्हणत नाहीत.

१६ जून
अंगठा वाचला. मी वॉर्डात एका पेशंटला ओरडताना चक्कर येऊन पडले. बीपी. छुट्टी मिळाली, हातात इंग्रजी कागद. डॉक्टर भराभरा बोलले. समजलं ना? मी खणखणीत "हो" म्हटलं. माझ्याही पाच सूचना तोंडपाठ आहेत. पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच राहिलं. आता विचारणं बरं दिसत नाही. उद्या भागाबाई उखर्डूभाऊंना घेऊन ड्रेसिंगला येणार आहेत. डॉक्टरांना विचारायला त्यांनाच सांगते.