झुंबरचा थेंब

७ नोव्हेंबर १९८३
आले एकदाची नाशिकला. मनमाडहून निघताना आई रडली, मी नाही. नोकरी पक्की, खोलीही मिळाली. घरमालकीण चतुराबाईंनी पोहे खाऊ घातले, चहातलं दूध मात्र पातळ होतं. लक्ष ठेवायला हवं. माझा स्वभावच संशयी, काय करणार.

प्रयोगशाळेतलं काम मजेचं आहे. खेड्यांतल्या मुलांच्या रक्तात अ जीवनसत्त्व किती ते मोजायचं, तेही बोटातून काढलेल्या दोन-तीन थेंबांत. उजेडाने ते नासतं, म्हणून मोजायच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद आणि आत एकच लाल दिवा. बारीक काचेच्या नळीत तोंडाने ओढून माप घ्यायचं. डॉक्टर खैरनार म्हणाले, तुमचा हात हलका आहे. जोडीला ओझरचा गोरक्ष. फारच गोड बोलतो.

१४ नोव्हेंबर
सायखेड्याची साळूबाई तिच्या झुंबरला घेऊन आली. पाच वर्षांची पोर, दिवेलागणीनंतर भिंतीवर आपटते. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करू, दर सोमवारी रक्त बघू. आकडा चढला नाही तर डोळे जातील.

मोजताना नळी जरा जोरात ओढली गेली आणि तिचं रक्त तोंडात आलं. थुंकायच्या आत गिळलं. कोणाला सांगितलं नाही, आल्या आल्या हसं कशाला करून घ्या. उरलेल्यात मोजलं. अठरा. वीसच्या वर हवं.

२१ नोव्हेंबर
झुंबर पंधरावर. बाकीची मुलं सुधारतायत, हिचंच उलटं. साळूबाई औषध धाकट्याला पाजत असणार. चांगली झापली तिला. पोरीची शपथ घेऊन म्हणाली, थेंबभर सांडलं नाय. मला नाही पटलं. आजचा डोस मी स्वतः पाजला, पुढचेही इथेच.

मला मात्र नाशिकचं पाणी मानवलंय. त्या लाल दिव्यात आधी चाचपडायचे, आता नळीवरची रेघन् रेघ दिसते.

२८ नोव्हेंबर
बारा. म्हणजे साळूबाई खरी होती. मग गोरक्षच. नळ्यांची अदलाबदल करत असणार, माझी नोकरी त्याच्या मेहुण्याला हवीय म्हणे. उलट मलाच विचारतो, झुंबरचंच रक्त दर वेळी कमी कसं पडतं. हल्ली बॅटरीला लाल कागद गुंडाळून आत येतो, ही काय नवी खोड. आता झुंबरच्या नळीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

५ डिसेंबर
नऊ.
सगळं मीच केलं. गोरक्ष रजेवर होता. मोजायचं यंत्र बिघडलं म्हणावं तर इतरांचे आकडे ठीक.
झुंबर आता दिवसाही आईचा पदर धरून चालते. मला ताई म्हणून हाक मारली आणि भलतीकडेच बघून हसली.
साळूबाई नाही. गोरक्ष नाही. यंत्र नाही. मग उरलं कोण —
नळी अर्धीच होती. सांडली असेल. सांडलेली आठवत नाही.

१२ डिसेंबर
सहा.
आत लिहीत बसले होते. गोरक्ष बॅटरी घेऊन आला, स्टुलाला अडखळला. म्हणाला, ताई, एवढ्या अंधारात काय लिहिताय? लाल दिवा गेल्या महिन्यातच जळालाय, नवा बल्ब अजून आला नाही.
वर बघितलं. दिवा विझलेला. त्याच्यावर बसलेली धूळसुद्धा मला दिसली.
तोंडाला तीच खारट चव. आज तर नळी मी —

१९ डिसेंबर
डॉक्टरांना म्हटलं, मला या कामावरून काढा. हसले. म्हणाले, असा हात कुठे मिळणार.
साळूबाईला म्हटलं, पोरीला मुंबईला ने, कुठेही ने, माझ्याकडे आणू नको. ती पाया पडली. म्हणे तुमच्याच भरवशावर आणते, तुमच्या हाताला पोर रडत नाय.
तिने झुंबरला आत सोडलं. दार मी लावून घेतलं, उजेड येऊ नये म्हणून.
पोर उभी आहे. मी दिसत नाही तिला. स्वतःच बोट पुढे केलंय.
मी हलत नाही. लिहीत राहते. लिहीत राहिलं की हात —
सगळं दिसतंय मला. बोटाच्या कातडीखालचं लालसुद्धा.
आज मोजायचं नाही. नळी नकोच. सरळ बोटच —