शेठच्या जेटचं झाकण

बोईसर, १२ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप मामांस,
भाचा भगवंत याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता काय म्हणतो? मामींचा खोकला? आम्ही तूर्त सुखरूप आहोत. (‘तूर्त’ हा शब्द मुद्दाम घातला आहे.)

आमच्या कारखान्यात कापड रंगवायच्या मशिनला जेट म्हणतात, ते आपण मागे येऊन पाहिलंच आहे. मोठं आडवं पिंप, आत कापड, रंग आणि उकळतं पाणी. तर मुंबईहून शेठचा फोन आला. इकडे मशिनांचा खडखडाट आणि तिकडून शेठ विचारतायत, जेट लागेल तेव्हा भाड्याने घ्यावं की स्वतःचंच ठेवावं? मी रंगमास्तर. मारे ऐटीत सांगितलं, स्वतःचंच घ्या. भाड्याचं ऐन घाईत मोकळं नसतं, शिवाय आधीच्याने आत करून ठेवलेली घाण आपण धुवायची. जुनंही चालेल, फक्त झाकण घट्ट बसतंय ना ते पाहा. थोडं गळलं तर गोणपाट कोंबू. चालवायला आपला महादू आहेच. शेठ खो खो हसले. (तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मालक हसला की नोकराला बरंच वाटतं.)

मामा, ते विमान होतं! परवा शेठ फोटोच घेऊन आले. आठ माणसांचं, आणि माझ्या सल्ल्याप्रमाणे जुनं. बाकी सगळे भाड्याने घ्या म्हणत होते, आमचे मास्तर तेवढे रोखठोक निघाले, असं चारचौघांत म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि पुढच्या रविवारी पहिल्या फेरीला शेजारी बसायचा मान दिला. खरं सांगावं तर शेठचं हसं होणार आणि माझी नोकरी जाणार. न सांगावं तर मी वर जाणार. महादूला म्हटलं, तूही चल. तो इथल्याच पाम गावचा, म्हणाला, “तुमी जा मास्तर. आमी खाली हाय तेच बरं हाय. वर माजं काय काम नाय.” आपली सूनबाई नर्मदा मात्र सगळ्या चाळीला सांगून बसली आहे. मला उलटी झाली तर खिडकी उघडते का, एवढीच तिला काळजी.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवायला वेळ मिळेलसं दिसत नाही.
आपला, भगवंत

ता. क. : पत्र मिळताच ‘मामा अत्यवस्थ, ताबडतोब निघा’ अशी तार कारखान्याच्या पत्त्यावर करावी. आपल्याला उदंड आयुष्य लाभो.

ता. क. २ : तार करू नये. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच शेठ भेटले आणि तोंडून निघून गेलं, की जळगावच्या मामांचं काही खरं नाही. शेठ गहिवरले. आता रविवारी विमान जळगावलाच उतरणार आहे, आपल्याला उपचारासाठी मुंबईला न्यायला. झाकणाजवळची जागा मी आपल्यासाठी ठेवली आहे.